साळिंदराला कथा कुठे सुचली

एका जंगलात, मुलांनो, एक वाचक होता. तो ससा होता. एका उन्हाळ्यात तो वारला. तेव्हापासून त्या जंगलात फक्त लेखक उरले.

तुम्हाला वाटेल की मग लिहिणं थांबलं असेल. तुम्ही लहान आहात. उलट लिहिणं वाढलं. वाचणारा कोणी नसला की हात मोकळा होतो.

त्यातही विज्ञानकथा आणि अद्भुत कथा लिहिणारे फार. कासव अवकाशयानावर कादंबरी लिहीत होतं. सहावा खंड चालू होता आणि यान अजून जमिनीवरच होतं. खारीने हजार वर्षांनंतरच्या जंगलावर लिहिलं होतं. त्या जंगलातली सगळी झाडं बदामाची होती. बाकी काही बदललं नव्हतं.

आणि एक साळिंदर होतं. पाठीवर एवढे टाक घेऊन जन्माला आल्यावर ते दुसरं काय करणार? सात वर्षं ते लिहीत होतं. सातही वर्षं संमेलनात त्याला सतरंज्या अंथरायचं काम मिळत होतं.

आता लपवण्यात अर्थ नाही. ते साळिंदर म्हणजे मीच. गोष्ट स्वतःची आहे म्हणून मी जरा सांभाळून सांगेन, असं वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. सांभाळून सांगायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा ऐकणारे झोपले.

तर त्या वर्षी आठवं अखिल जंगल विज्ञान व अद्भुत कथा संमेलन भरायचं होतं. त्यात कथास्पर्धा होती. पहिला नंबर येईल त्याच्या कथेवर परिसंवाद, आणि लेखकाला मंचावर खुर्ची. शिवाय वाघाच्या हस्ते शाल. कथा द्यायची मुदत आदल्या दिवशी दुपारपर्यंत.

आदल्या दिवशी सकाळी माझ्याकडे कथा नव्हती. मी तळ्याकडे फिरायला गेलो. कथा सुचत नसली की लेखक फिरायला जातात. सुचत असली तरी जातात, पण तेव्हा सगळ्यांना सांगून जातात.

तळ्याच्या काठी, करंजाच्या झाडाखाली, मी एक प्राणी पाहिला. लहानसाच होता. मान लांब, पाय काटकुळे, आणि पाठीवर एक छोटा डोंगर. त्याचे चारही पाय चिखलात रुतले होते. उजव्या कानावर पांढरा ठिपका होता.

मला पाहून तो म्हणाला, "माझी आई कुठे आहे?"

मुलांनो, तुम्ही काय केलं असतं ते मला माहीत आहे. तुम्ही धावत जाऊन कोणाला तरी बोलावून आणलं असतं. मी पाठीवरचा एक टाक काढला आणि लिहून घेतलं. "माझी आई कुठे आहे" या वाक्याखाली मी दोन रेघा मारल्या. वाक्य फार चांगलं होतं.

"येतो हं," असं मी त्याला सांगितलं आणि घरी जाऊन कथा लिहिली. कथेचं नाव 'पाठीवर डोंगर'. डोंगरापलीकडच्या अज्ञात जगातून आलेला एक प्राणी आपल्या जंगलात अडकतो, अशी कथा. सगळी माझ्या कल्पनेतली. दुपारी ती मी नेऊन दिली. मग मला झोप लागली. साळिंदरं दिवसा झोपतात. हे कारण नाही, पण माझ्याकडे तेवढंच आहे.

परीक्षकांनी संध्याकाळी निकाल लावला. माझा पहिला नंबर आला. त्या आनंदात मी सगळ्या जंगलाला भेटलो. तळ्याकडे मात्र गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी परिसंवाद होता. वाघ उद्घाटक. तो आदल्या दिवसापासून संमेलनाचा पाहुणा होता आणि त्याचं खाणंपिणं मंडपामागेच व्हायचं. दीपप्रज्वलनासाठी काजवे आणले होते. भर दुपारी ते कोणाला दिसले नाहीत, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वाघ उद्घाटनाच्या भाषणात म्हणाला, "मला विज्ञानातलं काही कळत नाही. अद्भुतातलं तर मुळीच नाही. शाल दिली की मी निघणार. वाटेत तळ्यावर पाणी पिऊन घरी जाईन."

सगळे हसले. मीही हसलो. मग माझं हसू तोंडातल्या तोंडात वाळलं.

तळ्यावर, करंजाखाली, ते पिल्लू अजून चिखलात असणार होतं. शाल दिली की वाघ तिकडे जाणार होता. आणि शाल मला द्यायची होती.

मी हे तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की कथा मला सुचली नाही, मी ती पाहिली? सात वर्षांनी मिळालेली खुर्ची होती, मुलांनो. बांबूची होती आणि एका बाजूला कलत होती, पण खुर्ची होती. शिवाय सांगितलं असतं तर वाघानेही ऐकलं असतं. हे दुसरं कारण सुचल्यावर मला फार बरं वाटलं. मी मनाशी म्हटलं, परिसंवाद लांबेल तेवढा वेळ पिल्लू सुरक्षित आहे. आपण गप्प बसून त्याचं भलंच करतो आहोत.

परिसंवाद लांबणार याची खात्री होती. टिटवीताई सूत्रसंचालन करत होत्या.

"वेळ अगदी थोडा आहे," टिटवीताई म्हणाल्या, आणि वेळ किती थोडा आहे हे त्यांनी बराच वेळ सांगितलं. मग त्यांनी वक्त्यांची ओळख करून दिली. पहिले डॉक्टर मुंगूस, हे विज्ञानाच्या बाजूने बोलणार. दुसरे वटवाघूळ, ज्येष्ठ समीक्षक. ते मंचावर बसले नव्हते, मंचाच्या वर लटकले होते. त्यांना सगळं उलटं दिसायचं आणि त्यामुळे त्यांचा अभ्यास सखोल मानला जायचा. तिसरे अध्यक्ष, रानगवे आप्पा. आणि चौथा मी. माझं नाव त्या विसरल्या. "आणि आपले सतरंजीवाले," असं त्या म्हणाल्या आणि लगेच चूक सुधारली.

मुंगूस उभा राहिला. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, हा त्याचा खाक्या.

"कथा चांगली आहे," तो म्हणाला. "पण असा प्राणी असूच शकत नाही. पाठीवर एवढं ओझं असेल तर तो पहिल्या पावलाला तोंडावर आपटेल. शिवाय एवढी लांब मान. पाणी पोटापर्यंत पोचेतो संध्याकाळ होईल. लेखकाने थोडा अभ्यास करायला हवा होता."

मी मान हलवली. अभ्यास कमी पडला असं मलाही वाटायला लागलं. प्राणी मी डोळ्यांनी पाहिला होता, तरी.

मग वटवाघूळ बोलले. दिवसाची त्यांची झोपेची वेळ, त्यामुळे आवाज खोल गेला होता. "डोंगर हा प्राण्याच्या पाठीवर नाही," ते म्हणाले. "प्राणीच डोंगराच्या पोटाला लटकला आहे. हे ज्याला कळलं त्याला कथा कळली."

ते कोणालाच कळलं नाही. म्हणून सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

"आता कथेतला एक उतारा," टिटवीताई म्हणाल्या आणि पोकळ बांबूला तोंड लावून वाचू लागल्या. आमच्याकडे त्या बांबूतूनच बोलायची पद्धत होती. "त्याच्या उजव्या कानावर पांढरा ठिपका होता. तो चिखलात उभा होता. तो एकच गोष्ट विचारत होता. माझी आई कुठे आहे?"

मंडपाच्या मागच्या बाजूला कोणीतरी उठून उभं राहिलं.

ती उंटीण होती. डोंगरापलीकडून मेंढपाळांच्या कळपाबरोबर ती चालली होती. पिल्लू मागे राहिलं म्हणून ती एकटीच परत फिरली होती. दोन दिवस हिंडून तिने ऐकलं की इथे गर्दी आहे. एवढ्या गर्दीत कोणीतरी पाहिलं असेल, असं तिला वाटलं. आमच्या जंगलात उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ होते, पण उंट कोणी पाहिला नव्हता.

"अहो बाई, बसा," टिटवीताई म्हणाल्या. "वेशभूषा स्पर्धा काल झाली."

उंटीण बसली नाही. "हे कुणी पाहिलं?" तिने विचारलं.

सगळा मंडप वळून तिच्याकडे बघू लागला. कौतुकाची कुजबुज झाली. कथा येऊन एक दिवस झाला नाही तोवर कोणीतरी तिच्यातल्या प्राण्याचा वेश करून आलं होतं. एवढं भाग्य कासवालाही लाभलं नव्हतं.

"मेहनत दिसते," मुंगूस म्हणाला. "पण डोंगर फार मधोमध घेतलाय. आणि गुडघे असे वाकत नाहीत."

"हे कुणी पाहिलं?" उंटिणीने परत विचारलं.

"पाहिलं नाही हो, लेखकाला सुचलं," टिटवीताई म्हणाल्या. "हे बसलेत लेखक."

उंटिणीने माझ्याकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात भर दुपारचं ऊन पडलं होतं.

"सुचलं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच आवडला नाही.

तिच्या पायांना डोंगरातली लाल माती लागली होती. ती माती वेशभूषेची नव्हती हे मंडपात फक्त मला दिसत होतं.

"कुठे सुचलं, तेवढं सांगा," ती म्हणाली.

यावर मंडपात हशा पिकला. मुलांनो, तुम्हाला यातली गंमत कळायची नाही, म्हणून सांगतो. तुम्हाला कथा कुठे सुचतात, हा प्रश्न प्रत्येक परिसंवादात कोणीतरी विचारतंच. तो इतका जुना झालाय की तो ऐकला की मंचावरचे लोक एकमेकांकडे बघून हसतात. लेखकांची त्याची उत्तरंही ठरलेली असतात. माझं उत्तर तर सात वर्षं तयार होतं. सतरंज्या अंथरताना मी ते मनात घोकायचो.

"प्रश्नोत्तरं शेवटी आहेत," टिटवीताई म्हणाल्या. "पण घ्या, एवढ्या लांबून आल्यात."

मी बांबू हातात घेतला. तोंड उघडलं आणि घोकलेलं उत्तर आपोआप बाहेर आलं.

"ते सांगता येत नाही," मी म्हणालो. "ते आतून येतं. कुठल्या तरी अज्ञात प्रदेशातून येतं. आपण केवळ निमित्त असतो."

कडाडून टाळ्या पडल्या. आयुष्यात मला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या. त्या वाजत असताना उंटीण तशीच उभी होती. मला माझी लाज वाटली. टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहून मग वाटली, हेही सांगून टाकतो.

"आता अध्यक्षीय समारोप," टिटवीताई म्हणाल्या.

मी सुटकेचा श्वास सोडला. रानगवे आप्पांचा समारोप म्हणजे पिल्लाला उद्या सकाळपर्यंत अभय. गेल्या वर्षी त्यांनी सुरुवात केली तेव्हा मोहाला फुलं होती आणि संपवलं तेव्हा फळं धरली होती.

आप्पा उठले. घसा साफ केला. तेवढ्यात वाघाने जांभई दिली. तोंड पूर्ण उघडून, सगळे दात दिसतील अशी.

"मी दोनच शब्द बोलतो," आप्पा म्हणाले, आणि खरोखर दोन शब्द बोलून खाली बसले. ते शब्द 'धन्यवाद' आणि 'शाल' असे होते. जंगलाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं.

वाघ उठला. शाल आणली गेली. ती मऊ शेवाळाची होती आणि तिला ओल्या मातीचा छान वास येत होता. वाघाने ती माझ्या अंगावर टाकली. दोन टोकं काट्यांत अडकली. वाघ घाईत होता, त्याने ती तशीच सोडली आणि तो पायऱ्यांकडे वळला.

उंटीण मंचापर्यंत आली होती. तिने मान खाली केली. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला.

"आतून आलं असेल, दादा," ती हळूच म्हणाली. "मी नाही म्हणत नाही. पण ते आलं तेव्हा तुम्ही उभे कुठे होतात?"

असा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. त्याचं उत्तर मी घोकलेलं नव्हतं. म्हणून खरं उत्तर आलं.

"तळ्याच्या काठी," मी म्हणालो. "करंजाखाली. मला काहीही सुचलं नाही, बाई. मी पाहिलं. तुमचं पिल्लू चिखलात रुतलंय. माझी आई कुठे आहे, असं त्याने मला विचारलं आणि मी ते लिहून घेऊन घरी आलो."

बांबू अजून माझ्या हातात होता. हे सगळं त्यातून मंडपभर गेलं. वाघ पायरीवर थबकला.

मी शालीत मान घातली. आता दगड येतील, असं मला वाटलं.

"वा," वरून वटवाघूळ म्हणाले.

मग टाळ्या सुरू झाल्या. यावेळी लोक उभे राहिले.

"हे सगळं खरं आहे," मी ओरडून सांगितलं. "ती खरी उंटीण आहे. पिल्लू खरं आहे."

"लेखकाने मनोगताचं रूपांतर कथेच्या दुसऱ्या भागात केलं," टिटवीताई भारावून म्हणाल्या.

"लेखकाचं स्वतःच्या कथेबद्दलचं मत प्रमाण मानायचं नसतं," वटवाघळाने समजावलं. "तो खरं म्हणतो म्हणजे खोटं आहे."

"आणि असा प्राणी असूच शकत नाही," मुंगूस म्हणाला. "ते मी मघाशीच सिद्ध केलंय."

वाघाने रानगवे आप्पांना विचारलं, "तळ्यावर पिल्लू आहे म्हणाला ना हा?"

"रूपक आहे, महाराज," आप्पा म्हणाले.

"अस्सं," वाघ म्हणाला. "मला वाटलं, खाण्याचं काहीतरी."

एवढ्या सगळ्या मंडळींत माझ्यावर विश्वास ठेवणारी एकच होती आणि ती केव्हाच निघाली होती. मंडपाचा दोर ओलांडून ती तळ्याच्या दिशेने पळत होती. पहिल्या पावलाला तोंडावर आपटली नाही. दुसऱ्यालाही नाही. मुंगसाने तिकडे पाठ केली.

पण चिखलातून पिल्लू काढायला वेळ लागतो. आणि वाघाला तहान लागली होती. रूपक असो नसो, पाणी प्यायला तो तळ्यावरच जाणार होता. तो शेवटच्या पायरीवर होता.

मी बांबू घट्ट धरला. "थांबा," मी म्हणालो. "माझं मनोगत राहिलंय. आणि उद्घाटकांच्या उपस्थितीत मी माझी संपूर्ण कथा वाचून दाखवू इच्छितो."

वाघ पाहुणा होता. लेखकाचं वाचन चालू असताना उठून जायचं नाही, हा संमेलनाचा एकमेव नियम होता. तो लेखकांनीच केला होता. वाघ परत खुर्चीत बसला आणि त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरलो नाही.

मी वाचायला लागलो. आधी पार्श्वभूमी सांगितली. मग माझं बालपण. मग सात वर्षांच्या सतरंज्या, रंगांसकट. मग कथा. कथा झाल्यावर जिथे कोणी दाद दिली नव्हती ते परिच्छेद परत वाचले. वाघाची मान पहिल्या पानाला डुलली, तिसऱ्या पानाला छातीवर पडली आणि पाचव्या पानाला तो घोरायला लागला. वटवाघूळ आधीच झोपले होते, पण ते लटकलेलेच असल्याने फरक कळला नाही.

तुम्ही म्हणाल, शेवटी साळिंदराने चांगलं काम केलं. मलाही तसं म्हणायला आवडेल. पण खरं सांगू का? पहिला अर्धा तास मी पिल्लासाठी वाचलं. त्यानंतर पिल्लू माझ्या डोक्यातून गेलं होतं. माझ्या हातात बांबू होता, समोर लोक होते आणि कोणालाही उठायची परवानगी नव्हती. उन्हं कलून गेली तरी मी वाचत होतो.

मंडप उठल्यावर मी तळ्यावर गेलो. वाघाला मंडपामागेच पाणी पाजून मागच्या दाराने घरी पाठवलं होतं. करंजाखालचा चिखल चांगलाच तुडवला गेला होता. एक मोठा खड्डा होता, गुडघे टेकून कोणाला तरी ओढून काढल्यासारखा. तिथून पावलं निघाली होती. मोठी आणि त्यांना खेटून लहान. ती सरळ डोंगराकडे गेली होती आणि कुठेही थांबली नव्हती. मी काठावर बसून रडलो. आनंदाने रडलो असं मी सगळ्यांना सांगतो.

मी तिथून परत आलो आणि जो भेटेल त्याला सांगितलं की कथा माझी नव्हे. शाल परत करतो म्हणालो. कोणी ऐकलं नाही. उलट माझ्या विनयाची ख्याती झाली. पुढच्या वर्षी मला संमेलनाचा अध्यक्ष केलं. मानपत्रात लिहिलं होतं, 'ज्यांच्या कल्पनाशक्तीपुढे वास्तवाने हात टेकले.' मी ते नाकारायला उभा राहिलो आणि दीड तास बोललो.

तात्पर्य : मुलांनो, खरं बोलायचंच झालं तर ते परिसंवादात बोलावं. तिथे वाघसुद्धा ते मनावर घेत नाही.